तेरा वर्षांची वॅगनआर, रत्नागिरी ते दापोली

जुनी गाडी दारात आली, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, माझं नाव लागलं, त्याचं कार्डही हातात पडलं. आता सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढते, कारण मी शोधत होते तेव्हा मला जे हवं होतं ते एका जागी कुठे सापडलं नव्हतं. प्रत्येकजण एक तुकडा सांगायचा, कुणी म्हणे इंजिन बघ, कुणी म्हणे कागद बघ, आणि अर्धे लोक म्हणे जुनी गाडी घेऊच नकोस.

आमच्याकडे आजवर चारचाकी नव्हती. स्कूटर होती, ती मला ऑफिसला पुरायची. पण सासूबाईंचं गुडघ्याचं सुरू झालं आणि त्यांना डेरवणच्या हॉस्पिटलला न्यायचं म्हणजे दरवेळी गाडी ठरवा, ड्रायव्हरची वेळ सांभाळा, परत येताना त्याची घाई. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत आणि वडापच्या जीपमध्ये बसवणं शक्यच नाही. नवीन वॅगनआरचा हिशेब काढला तर ऑनरोड सहा लाखांच्या वर जात होता आणि कर्ज काढायची घरात कुणाचीच तयारी नव्हती. भिशीचे आणि एका मुदत ठेवीचे मिळून दोन लाख होत होते, म्हणजे त्यातच गाडी बसवायची आणि हातात पंधरावीस हजार किरकोळ कामाला ठेवायचे असं ठरलं.

शोधायला सुरुवात जून २०२५ मध्ये. पाऊस त्या वर्षी मे महिन्यातच सुरू झाला होता, त्यामुळे गाड्या बघायला जायचं म्हणजे चिखल, पण एका अर्थी ते चांगलंच, कारण गळकी गाडी पावसातच कळते. दरवाजाच्या रबरातून पाणी आत येतंय का, पायाखालचं मॅटिंग ओलं आहे का, हे उन्हाळ्यात कळत नाही.

आमच्या भागात जुनी गाडी घेणाऱ्याने एक गोष्ट आधी बघायची, गाडी २०२१ च्या पुरातली आहे का. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं त्यात किती गाड्या पाण्यात गेल्या ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. त्यात कुणाचा दोष नाही, लोकांचं घरदार गेलं तिथे गाडीचं काय, आणि पुरातली गाडी नीट दुरुस्त करून, सांगून, कमी भावात कुणी विकली तर त्यातही काही गैर नाही. पण न सांगता विकणं हे मला अजिबात पटत नाही. एका डीलरकडे आम्ही २०१४ ची एक गाडी बघितली, बाहेरून लख्ख, सीटकव्हर नवीन, आत सेंटचा वास. भाव एक लाख साठ. मी तर मनात रंगसुद्धा पसंत करून टाकला होता. आमच्या मेकॅनिकने काही न बोलता ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत बाहेर ओढला. वरचा हातभर पट्टा काळा स्वच्छ, आणि त्याच्या खाली, जो भाग एरवी कधी बाहेर येतच नाही, तिथे एक तांबूस रेघ आणि रेघेच्या खाली सगळा पट्टा मातकट, कडक. बोटाने घासलं तर बारीक माती आली. डीलर म्हणाला "पाणी फक्त चाकापर्यंत आलं होतं ताई". चाकापर्यंत आलेलं पाणी सीटबेल्टच्या गुंडाळीत कसं जाईल? आम्ही नमस्कार करून निघालो. तर बेल्ट पूर्ण ओढून बघा, स्टेपनी काढून तिच्या खालचा खड्डा बघा, सीटच्या खालच्या लोखंडी पट्ट्या बघा, डॅशबोर्डच्या खाली मोबाइलचा टॉर्च मारून वायरिंगच्या कोपऱ्यात गाळ आहे का बघा.

मेकॅनिक बरोबर न्यायचाच, त्याचे पैसे द्यायला मागेपुढे बघू नका. आमचा माणूस दर गाडीमागे पाचशे घ्यायचा, लांबचं असेल तर हजार आणि जेवण. त्यात आमचे बरेच पैसे गेले, पण त्यानेच आम्हाला वाचवलं.

गणपती झाले, २२ सप्टेंबरला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नवीन गाड्या स्वस्त झाल्या आणि त्याचा परिणाम जुन्यांच्या भावावरही दिसायला लागला. ऑगस्टमध्ये सव्वादोन सांगणारे दोनवर यायला तयार झाले. दिवाळीनंतर ऑफिसमधल्या एका बाईंनी सांगितलं की रत्नागिरीला त्यांच्या ओळखीच्या एका काकांना गाडी द्यायची आहे, बँकेतून रिटायर झालेत, आता संध्याकाळनंतर नीट दिसत नाही म्हणून. पण ते कुणालाही देणार नाहीत, आधी फोनवर बोलतील.

आणि खरंच बोलले. मीच मुलाखतीला बसल्यासारखी. गाडी कोण चालवणार, रोज किती, कुठे लावणार, छप्पर आहे का, माडाखाली तर लावणार नाही ना. मी सगळं सांगितलं, सासूबाईंचं सांगितलं, तेव्हा म्हणाले "मग या रविवारी. आणि मेकॅनिकला आणा हो, संकोच करू नका." विकणारा स्वतःहून मेकॅनिकला आणा म्हणतो तिथेच मला बरं वाटलं.

मी त्यांना एकच विनंती केली होती की आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करू नका. हे सगळ्यांनी करा. इंजिन थंड असताना पहिल्या चावीला कसं सुरू होतं, कसला आवाज येतो, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, हे गरम इंजिनावर कळत नाही. आमच्या मेकॅनिकने पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवून बघितलं, थंडगार होतं.

गाडी ऑक्टोबर २०१२ ची, व्हीएक्सआय मॉडेल, पेट्रोल, ९९८ सीसी, एकच मालक, एमएच ०८, म्हणजे रत्नागिरीचाच नंबर. मीटर ५८ हजार आणि काहीतरी. तेरा वर्षांत ५८ हजार म्हटलं की पहिला संशय मीटर मागे फिरवल्याचाच येतो, मलाही आला. काकांनी काही न बोलता आतून एक वही आणली. लांबट, बँकेच्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेली. पहिल्या पानावर गाडीचा नंबर, इंजिन नंबर, चेसिस नंबर, आणि मग तारीखवार रकाने, पेट्रोल किती लिटर, दर काय, मीटर किती. मधेच लाल पेनने सर्व्हिसिंग, काय बदललं, किती बिल झालं, आणि त्या त्या पानाला ते बिल टाचणीने लावलेलं. २०१३ मध्ये पेट्रोल सत्तरच्या वर होतं तेही त्यात दिसलं. लॉकडाऊनमध्ये एप्रिल २०२० च्या पानावर पेट्रोल काहीच नाही, फक्त "आठवड्याने १० मिनिटे सुरू केली" असं चार वेळा. काकू म्हणाल्या "माझ्या औषधांची वहीसुद्धा इतकी नीट नाही हो." मी ती वही चाळत बसले आणि माझी भीती निम्मी कमी झाली. तरीही आम्ही मारुतीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरवरून सर्व्हिस हिस्टरी काढून घेतली. मालक बरोबर असला की देतात. तिथले मीटरचे आकडे वहीशी जुळले.

आता गंज. रत्नागिरी म्हणजे खारं वारं. इंजिन कितीही गोड असू दे, पत्रा खाल्ला गेला असेल तर त्या गाडीत पैसे घालण्यात अर्थ नाही, कारण इंजिनचं काम एकदा केलं की होतं, गंज पुन्हा पुन्हा येतो. दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या वरच्या कमानी आतून, डिकीचं रबर उचलून त्याखालचा पत्रा, आणि पुढच्या सस्पेन्शनचे नट जिथे बसतात ती जागा. गाडी रॅम्पवर घेतली तेव्हा मेकॅनिक छोट्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालून ठोकत गेला, टणटण आवाज आला की ठीक, भदभद आला की आत पापुद्रे सुटलेत. एका ठिकाणी, मागच्या डाव्या चाकाच्या आत, पापुद्रा निघाला, साधारण तळहाताएवढा. सायलेन्सरचा मागचा डबाही गेल्यात जमा. बाकी खालचं कोटिंग काकांनी दर दोन वर्षांनी करून घेतलेलं, त्याची बिलं वहीत होतीच.

टायरवर बाजूला शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. दोन टायर २०२२ चे होते, दोन २०१८ चे. २०१८ वाल्यांची नक्षी चांगली दिसत होती पण सात वर्षांत रबर कडक होतं, ते बदलायचे हे तिथेच ठरलं. बॅटरी जुनी. क्लच थोडा वर लागत होता, पण चढावर घसरत नव्हता. या इंजिनला टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, त्यामुळे बेल्ट बदलायचा खर्च नाही. ऑइलचं झाकण उघडून आत पांढरी साय आहे का ते बघितलं, नव्हती. चेसिस नंबर आरसीशी ताडून घेतला.

कागदांचं मी घरीच बघून ठेवलं होतं. परिवहनच्या अॅपवर गाडीचा नंबर टाकला की मालकाचं नाव, थोडी अक्षरं झाकून, विमा कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत, आणि कर्जाचा बोजा आहे का ते कळतं. बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ याशिवाय पुढे जाऊ नका, मालक कितीही म्हणाला की कर्ज कधीच फिटलंय. ई-चलन वेगळ्या साइटवर बघायचं, गाडीवर काहीच बाकी नव्हतं. आणि नवीन नंबरप्लेट, एचएसआरपी. एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती लागते आणि ती नसेल तर नाव बदलायचं कामच पुढे सरकत नाही. काकांनी उन्हाळ्यातच बसवून घेतली होती, सरकारी दर ७४५ अधिक जीएसटी.

घरच्यांची मोठी शंका होती पंधरा वर्षांची. सगळे म्हणत होते, दोन वर्षांनी गाडी भंगारात जाईल. ते दिल्लीच्या भागातलं आहे. आपल्याकडे पंधरा वर्षं झाली की आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी करता येते, त्याची फी पाच हजार आणि शिवाय पर्यावरण कर. आमची मुदत ऑक्टोबर २०२७ ला संपते, म्हणजे तो खर्च किमतीत धरूनच बोलायचं.

काका दोन लाख दहा म्हणत होते. मी घासाघीस करत बसले नाही, मेकॅनिकने जे सांगितलं ते कागदावर लिहिलं, दोन टायर, बॅटरी, सायलेन्सर, गंजाचं काम, आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, बॅटरीचा भाव जास्त धरलाय म्हणाले, तो कमी केला, आणि एक पंचाऐंशीवर हो म्हणाले. पाच हजार टोकन त्यांना यूपीआयने दिलं आणि त्याची साधी पावती घेतली.

शनिवार, २२ नोव्हेंबरला ताबा घ्यायचं ठरलं. पैसे सगळे बँकेतून. रक्कम दोन लाखांच्या खाली म्हणून आरटीजीएस होत नाही, एनईएफटी केलं. नवीन खातं जोडल्यावर काही बँका पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवू देत नाहीत, म्हणून मी खातं तीनचार दिवस आधी जोडून एक रुपया पाठवून बघितला होता. तरी त्या दिवशी पैसे पोचायला पाऊण तास लागला आणि तो पाऊण तास आम्ही सगळे पडवीत चहा पीत काकांच्या फोनकडे बघत बसलो होतो. मेसेज आला आणि मग सह्या.

गाडी नावावर करायला लागणारे फॉर्म, म्हणजे फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोघांच्या आधार आणि पॅनच्या झेरॉक्स, मूळ आरसी, विमा, पीयूसी, दुसरी चावी. आणि ताबा पावती, त्यावर तारीख तर हवीच पण वेळही हवी. "दुपारी १२:४० वाजता गाडी ताब्यात दिली, यापुढील चलन, अपघात वगैरेची जबाबदारी घेणाऱ्याची" असं लिहून दोघांच्या सह्या. आरसीवर नाव बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक जुनाच राहतो, तेव्हा हा कागद विकणाऱ्याच्या फायद्याचा, पण घेणाऱ्याच्याही, सकाळच्या चलनाचं ओझं आपल्यावर येत नाही. काकांनी त्यांचा फास्टॅग आदल्या दिवशीच बंद करून घेतला होता. निघताना काकूंनी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ दिला, काका दोनदा म्हणाले "दुसरा गिअर थंडीत जरा हळू टाका", आणि मग आत निघून गेले. त्यांना बघवलं नसावं.

घरी यायला दोन रस्ते. हायवेने संगमेश्वर, चिपळूण, खेड करत, नाहीतर किनाऱ्याने. नवऱ्याचं म्हणणं हायवे बरा, बंद पडली तर गॅरेज मिळेल, आणि ते बरोबरच होतं. पण हायवेवरची कामं, डायव्हर्जन, ट्रकांची रांग याची मला जास्त धास्ती होती. मी लायसन्स घेतलं होतं पण हात फक्त भावाच्या गाडीवर बसलेला. शेवटी किनाऱ्याने निघालो, मेकॅनिक बरोबरच होता म्हणून. निघायच्या आधी हवा, कूलंट, ब्रेक ऑइल, जॅक आणि पाना बघून घेतला, स्टेपनीत हवा भरली, वीस लिटर पेट्रोल टाकलं.

आरे-वारेचा चढ म्हणजे पहिली परीक्षा. डाव्या हाताला खाली समुद्र, आणि मी त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सरळ चढली, एसी बंद करायला लागला नाही. माथ्यावर पोचले तेव्हा हाताचे तळवे ओले झाले होते. गणपतीपुळ्याला थांबून बाहेरूनच दर्शन घेतलं, मेकॅनिकने बॉनेट उघडून कुठे ओलं दिसतंय का ते बघितलं. मग मालगुंड करत जयगड.

जयगडहून तवसाळला जंगलजेटीने पलीकडे जायचं. उतारावरून बोटीवर गाडी चढवायची, पोरं हाताने इशारे करतात, "या, या, डावीकडे, बस", आणि दोन गाड्यांत हातभर जागा ठेवतात. मला वाटलं नवऱ्याला देते चालवायला. पण म्हटलं आत्ता नाही तर मग कधीच नाही, आणि घेतली. हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, एवढं लक्षात ठेवा. पलीकडे हेदवी, वेळणेश्वराचा फाटा, गुहागरला जेवण, आणि धोपाव्याला पुन्हा जेटी. तिथे रांग होती, एक फेरी सुटली, दुसरीत नंबर लागला. दाभोळला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हेडलाइटचा प्रकाश पिवळा आणि मंद पडत होता, काच आतून धुरकटलेली, ते दिवसा बघताना कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तेव्हा ट्रायल शक्यतो एकदा अंधारातही घ्या. दाभोळ ते दापोली मी चाळीसच्या वर गेले नाही. सासूबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना सीटवर बसायला वाकावं लागलं नाही, गाडी उंच आहे ना, त्या नुसत्या टेकल्या आणि पाय आत घेतले. हे मला शोरूमच्या कुठल्या कागदात कळलं नसतं.

इथे काम संपलं असं समजू नका. घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, विमा कंपनीला चौदा दिवसांत. मी विम्यापासून सुरुवात केली. काकांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, पन्नास टक्के होता, पण तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे तो आपल्याला मिळत नाही आणि उरलेल्या महिन्यांचा फरक भरावा लागतो. आठशेच्या आसपास गेले. विमा नावावर न करता तसाच चालवत राहिलं तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो, तेव्हा हे टाळू नका.

परिवहनच्या साइटवर अर्ज भरायला बसले आणि अडकले. विकणाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी जातो, आणि गाडी २०१२ ची, नोंदीत काकांचा मोबाइलच नव्हता. जुन्या गाड्यांना हे हमखास होतं. आधी मोबाइल अपडेट करायचा, त्याला इंजिन नंबर, चेसिस नंबर, नोंदणीची तारीख लागते. ते काकांच्या वहीच्या पहिल्या पानावर होतं, त्यांनी फोनवर वाचून दाखवलं, दुसऱ्या दिवशी काम झालं. तुम्ही हे गाडी ताब्यात घ्यायच्या आधीच विकणाऱ्यासमोर बसून करून घ्या, नंतर तो माणूस फोन उचलेलच असं नाही. फी ऑनलाइन भरली, हस्तांतरणाचे तीनशे, कार्डाचे दोनशे आणि वर टपालाचे. एजंट साडेतीन हजार सांगत होता. ज्यांना रत्नागिरीला जाणं जमत नाही त्यांनी एजंट केला तर मी चूक म्हणणार नाही, मात्र मूळ आरसी देताना त्याची पोच घ्या. मी प्रिंट काढून स्वतः आरटीओत जाऊन कागद दिले, २७ नोव्हेंबर. एका झेरॉक्सवर सही राहिली होती, तिथेच केली. खिडकीवरच्या बाईंनी एकेक कागद पाठीपुढे करून बघितला आणि पावती दिली.

मग वाट बघणं. डिसेंबरच्या मध्यात डिजिलॉकरवर माझं नाव दिसलं, मी स्क्रीनशॉट काढून काकांना पाठवला, कारण त्यांनाही तितकीच काळजी होती. कार्ड स्पीड पोस्टाने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आलं, तोवर डिजिलॉकरचं चालतं. मग माझ्या नावाने फास्टॅग घेतला.

वरचा खर्च म्हणजे टायर दोन ७,६००, बॅटरी ४,२००, सायलेन्सरचा डबा १,८००, हेडलाइटच्या काचा साफ करून बल्ब १,१००, पीयूसी सव्वाशे. हल्ली पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं आणि ही गाडी त्याच्या आधीची, म्हणून मेकॅनिकने पेट्रोलच्या रबरी नळ्या बघितल्या आणि एक बदलली. काकांची वही त्यांनी गाडीबरोबरच दिली होती, त्यात पुढची पानं मी भरते आहे. मागच्या चाकाच्या आतलं गंजाचं काम आणि खालचं कोटिंग राहिलंय, ते एप्रिलमध्ये करायचं, आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या, आधी, कारण मे महिन्यात गॅरेजवाल्याकडे नंबर लागत नाही.